लिव्हरमधली २.६ सेंमीची गाठ: सुईने जाळणं (अ‍ॅब्लेशन) आईसाठी कितपत सुरक्षित? मदत हवी आहे

नमस्कार. धागा लांब होणार आहे, पण रिपोर्टमधले आकडे दिल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही, म्हणून सगळं लिहितेय.

आई, वय ६४, मधुमेह बराच जुना. फॅटी लिव्हरचं पुढे सिरोसिस झालं. तिने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, तरी नातेवाईक भेटले की "यांना लिव्हरचं कसं काय?" असं विचारतात, आणि दुखण्यापेक्षा आईला तेच जास्त लागतं. सिरोसिसमुळे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू होती, त्यात या वेळी गाठ दिसली.

ट्रायफेजिक सीटीमध्ये (शिरेतून औषध देऊन तीन टप्प्यांत फोटो काढतात तो) लिव्हरच्या सेगमेंट ५ या भागात एकच गाठ आहे, २.६ सेंमी, पित्ताशयाला जवळजवळ टेकलेली. औषध रक्तात गेल्यावर गाठ आधी उजळते आणि नंतरच्या फोटोंत बाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. सिरोसिसच्या रुग्णात हे चित्र इतकं स्पष्ट असलं तर बायोप्सी लागत नाही, हा हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाच (लिव्हरचा कॅन्सर) आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. बिलिरुबिन १.३, अल्ब्युमिन ३.६, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) १.२, पोटात पाणी नाही, म्हणजे चाइल्ड-प्यू 'ए' (सिरोसिसची सगळ्यात सौम्य पायरी). प्लेटलेट ७८ हजार, प्लीहा वाढलेली. एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी) ३८. एमआरआयची तारीख मिळाली आहे.

आम्ही सांगलीकडचे. इथल्या सर्जननी आधी ऑपरेशन सुचवलं, मग प्लेटलेट आणि प्लीहा पाहून "जरा विचार करू" म्हणाले. पुण्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत मायक्रोवेव्ह अ‍ॅब्लेशन करावं असं पडलं. त्वचेतून सुई घालायची, सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत गाठीत न्यायची आणि काही मिनिटांत गाठ आतल्या आत भाजून काढायची. पोट उघडायचं नाही, दोन-तीन दिवसांत घरी. ऐकायला इतकं सोपं वाटतं की मला त्याचीच भीती वाटायला लागली आहे.

जमेल तेवढं वाचलं. इटलीतल्या ४१ केंद्रांचा रेडिओफ्रिक्वेन्सीचा (सुईतून वीज सोडून गाठ जाळण्याच्या पद्धतीचा) अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला होता. २,३२० रुग्णांत ६ मृत्यू, म्हणजे ०.३ टक्के, आणि गंभीर गुंतागुंत २.२ टक्के. तिथल्याच १४ केंद्रांचा मायक्रोवेव्हचा अभ्यास २०१२ चा आहे. त्यात ७३६ रुग्णांपैकी उपचारामुळे एकही दगावला नाही, गंभीर गुंतागुंत २.९ टक्के. आकडे धीर देणारे आहेत, हे कळतं. पण पहिल्या अभ्यासातल्या सहापैकी दोन मृत्यू आतड्याला भोक पडल्यानंतरचे आहेत, आणि आईची गाठ नेमकी पित्ताशयाला खेटून आहे. तेवढं वाचलं आणि रात्री झोप लागली नाही.

तर मला हे हवं आहे. पित्ताशयाजवळची गाठ जाळताना पित्ताशय कसं वाचवतात? ७८ हजार प्लेटलेटवर सुई घालणं चालतं का? मधुमेहाने जंतुसंसर्गाचा धोका किती वाढतो? आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारू, म्हणजे त्यांचा हात या कामावर बसलेला आहे की नाही ते कळेल? उद्धटपणा न वाटता विचारायचं आहे.

आईचा स्वतःचा प्रश्न वेगळाच आहे. "आत भाजल्यावर ते जळकं कुठे जातं गं? पोटातच राहतं?" मला उत्तर देता आलं नाही.

प्रतिसाद: कोयनाकाठ

ताई, माझ्या मोठ्या भावाचं मायक्रोवेव्ह झालं आहे. हेपॅटायटिस बी, गाठ उजवीकडे वर, श्वासपटलाच्या खाली. भूल पूर्ण दिली होती. दुसऱ्या दिवशी उजवा खांदा इतका दुखायला लागला की आम्हाला हृदयाचं काही वाटलं. श्वासपटल चिडलं की खांदा दुखतो, हे तेव्हा समजलं. घरी आल्यावर बारीक ताप, अंग मोडून येणं, जेवण नको, आठवडाभर असंच चाललं. याची कल्पना कुणीतरी आधी द्यायला हवी होती, म्हणून तुम्हाला देतोय.

आणखी एक. महिन्याने सीटी केला तर रिपोर्टमध्ये डाग आधीच्या गाठीपेक्षा मोठा! वहिनी रडायलाच लागल्या. डॉक्टर म्हणाले, मोठाच दिसायला हवा, कारण गाठीच्या भोवतीचं थोडं चांगलं लिव्हरही मुद्दाम जाळलेलं असतं. ते जळकं तिथेच राहतं, हळूहळू आक्रसत जातं, व्रणासारखं. आईंना असं सांगा. त्या भागात रक्त खेळताना दिसत नाही ना, एवढं बघायचं असतं.

नंतर भावाला लिव्हरच्या दुसऱ्या भागात नवी गाठ आली. ती लहान असताना सापडली आणि पुन्हा सुईनेच केली. तपासणी चुकवली असती तर हे जमलं नसतं.

प्रतिसाद: निशिगंध

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत (सोनोग्राफी-सीटीवर बघत सुईने उपचार करणारी शाखा) काम करते. रुग्ण न बघता निर्णय सांगणार नाही, पण तुम्हाला नीट प्रश्न विचारता यावेत एवढं लिहिते.

आधी सर्जन का थांबले ते. प्लेटलेट एक लाखाच्या खाली आणि प्लीहा मोठी, म्हणजे आतड्याकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब बहुधा वाढलेला आहे. अशा लिव्हरचा तुकडा कापला तर उरलेलं लिव्हर निकामी होण्याचा धोका वाढतो. एकच गाठ, ३ सेंमीच्या आत, लिव्हरचं काम ठीक: अशा वेळी अ‍ॅब्लेशन हा दुय्यम उपाय नाही. मार्गदर्शक तत्त्वांमध्येही तो मूळ उपचारांत धरलेला आहे. प्लेटलेटचं म्हणाल तर साधारण ५० हजारांच्या वर बहुतेक ठिकाणी सुई घालतात. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका.

आता पित्ताशय. लिव्हर आणि शेजारचा अवयव यांच्यामध्ये बारीक सुईने द्रव सोडून अंतर तयार करतात, याला हायड्रोडिसेक्शन म्हणतात. आतडं शेजारी असलं तर हीच युक्ती फार कामाची. रेडिओफ्रिक्वेन्सी असेल तर त्यासाठी सलाईन नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोज वापरतात, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. पित्ताशय मात्र लिव्हरला चिकटलेलंच असतं, त्यामुळे तिथे अंतर दरवेळी मनासारखं मिळत नाही. पित्ताशयाला थोडी सूज येणं दिसतं, ती बहुतेकदा औषधांनी बसते. भोक पडणं क्वचित.

पण तुमच्या ठिकाणी मी दुसऱ्याच गोष्टीची जास्त काळजी केली असती. गाठीभोवती सगळीकडून निदान ५ मिलिमीटर लिव्हर जळायला हवं, याला मार्जिन म्हणतात. पित्ताशयाला जपताना डॉक्टरांचा हात त्या बाजूला आखडतो, आणि गाठीची एक कड जिवंत राहून जाते. काही महिन्यांनी तिथूनच ती पुन्हा वाढते. म्हणून डॉक्टरांना हे विचारा: "पित्ताशयाच्या बाजूला मार्जिन पूर्ण मिळेल का? नाही मिळालं तर पुढे काय करणार?" या कामात मुरलेला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही, तो स्क्रीनवर सीटी उघडून सुई कुठून नेणार ते दाखवतो. कधी दुर्बिणीतून पित्ताशय सोडवून मग अ‍ॅब्लेशन करणं जास्त चांगलं ठरतं, तोही पर्याय विचारा. गाठ पृष्ठभागाजवळ असेल तर सुई थोड्या चांगल्या लिव्हरमधून नेतात आणि बाहेर काढताना तिची वाट जाळत येतात. रक्तस्राव आणि सुईच्या वाटेवर पेशी सांडणं, दोन्हींचा धोका त्याने कमी होतो.

जंतुसंसर्गाबद्दल: साखर ताब्यात हवीच. पण त्याहून महत्त्वाचं, आईंच्या पित्तनलिकेत कधी स्टेंट टाकला आहे का, किंवा नलिका आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन झालं आहे का? तसं असेल तर आतड्यातले जंतू वर चढलेले असतात आणि जळलेल्या जागी पू होण्याची शक्यता खूपच वाढते. हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

घरी आल्यावर सुरुवातीचा बारीक ताप चालतो. ताप उतरून पुन्हा थंडी वाजून चढला, पोट कडक झालं, चक्कर येऊन घाम फुटला किंवा डोळे पिवळे दिसले तर फोनवर न बोलता थेट इस्पितळात न्या. रात्री कुणाला गाठायचं ते डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या.

प्रतिसाद: रानजाई

वरचं सगळं पटलं. फक्त एक जोडते: घरी कुणी गुळवेलीचा काढा देत असेल तर डॉक्टरांना सांगा आणि तोवर थांबवा. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. शिवाय फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार त्या इस्पितळात बसतो का, ते तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

धागालेखिका

तिघांचेही मनापासून आभार. स्टेंट नाही, ऑपरेशन नाही. काढा मात्र मामांनी आणून दिला होता आणि आई रोज सकाळी घेत होती. आजपासून बंद केला, डॉक्टरांनाही कळवलं.

आईला सांगितलं की जळकं तिथेच राहतं आणि व्रणासारखं आक्रसतं. "मग ठीक," म्हणाली, आणि लगेच विचारलं, "महिनाभर जड उचलायचं नाही का?" हेही विचारायच्या यादीत टाकलंय.

आता एकच अडलंय. पुण्याचे डॉक्टर त्वचेतूनच करू म्हणतात, दुर्बिणीतून करण्याबद्दल मी अजून विचारलेलं नाही. एमआरआय झाल्यावर सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट दोघांना एकत्र बसून फोटो बघायला सांगता येतं का? की हे फक्त टाटासारख्या ठिकाणी ट्यूमर बोर्डातच (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत) होतं? सांगली, कोल्हापूर, पुणे भागात कुणी असं एकत्र मत घेतलं असेल, तर कुणाकडे अर्ज केला आणि सीडी कशी पाठवली ते कृपया लिहा.