मूल्यमापकाच्या प्रमाणपत्राला मुदत असावी का?

काटेकोर

शाळेतलं शिकवणं अभ्यासक्रमाच्या मानकांना धरून आहे की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला एकदा प्रमाणपत्र मिळालं की ते कायमचं असावं का? माझं स्पष्ट मत, नसावं. दर वर्षी कसोटी, आणि कसोटी घेणारी संस्था प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेहून वेगळी.

मूल्यमापकाचा हात नकळत सैल किंवा कडक होत जातो. सलग आठ-दहा कमकुवत शाळा पाहिल्या की पुढची मध्यम शाळाही उजवी वाटायला लागते. हे ज्याचं त्याला उमगत नाही, बाहेरून मोजावं लागतं. वर्गनिरीक्षणाच्या 'क्लास' पद्धतीत ७ अंकांची श्रेणी आहे. तिथे निरीक्षक ५ चित्रफिती पाहून गुण देतो, त्यातले किमान ८० टक्के गुण तज्ज्ञांच्या गुणांपासून एका अंकाच्या आत असावे लागतात आणि ही कसोटी दर वर्षी द्यावी लागते. प्रशिक्षण वेगळं ठेवण्याचं म्हणाल, तर व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठीचं आयएसओ/आयईसी १७०२४ हे मानक (२०१२) दोन्ही कामं एकाच संस्थेत असणं हा निःपक्षपातीपणाला धोकाच मानतं. स्वतः शिकवलेल्याला स्वतःच नापास करायला कुणाचा हात धजावत नाही.

फळ्याशेजारी

काटेकोर, तुम्ही दिलेलं उदाहरणच तुमच्या विरोधात जातं. ७ अंकांच्या श्रेणीत 'एका अंकाच्या आत' म्हणजे ४ देणारा ३, ४ आणि ५ या तिन्हींत बरोबर ठरतो. चित्रफितींतले बहुतेक पाठ मधल्या पट्ट्यात असले, तर डोळे मिटून ४ लिहिणाराही उत्तीर्ण व्हायचा. अशी कसोटी दर वर्षी लावलीत तर मूल्यमापक दर वर्षी एकच धडा गिरवतील : मधले गुण द्या, सुरक्षित राहा. मग खरोखर बुडणारी शाळा आणि खरोखर चांगली शाळा, दोन्ही अहवालात सारख्याच दिसणार.

तोच वेळ आणि पैसा दुसऱ्या निरीक्षकावर घाला. शिक्षकांचं काम कसं मोजावं हे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या एमईटी प्रकल्पाच्या २०१३ च्या अभ्यासात असं दिसलं, की त्याच निरीक्षकाने त्याच शिक्षकाचा आणखी एक पाठ पाहिल्याने गुणांची विश्वासार्हता थोडीच वाढते, तो दुसरा पाठ वेगळ्या निरीक्षकाने पाहिला तर बरीच जास्त वाढते. माणसाला पुन्हा पुन्हा तपासत बसण्यापेक्षा सोबत दुसरं माणूस द्या.

काटेकोर

मधल्या गुणांचा मुद्दा मान्य. पण तो दोष कसोटीच्या आखणीचा आहे, मुदतीचा नाही. चित्रफितींत दोन्ही टोकांचे पाठ घाला आणि तंतोतंत जुळण्याची वेगळी अट ठेवा.

आणि नुसत्या टक्केवारीवर विसंबून चालणार नाही, हे आकड्यांत पाहा. दोन मूल्यमापकांनी १०० निकषांवर 'पूर्ण' किंवा 'अपूर्ण' असा शेरा दिला. दोघांचेही ९० 'पूर्ण', १० 'अपूर्ण'. ८२ ठिकाणी दोघेही 'पूर्ण' म्हणाले, २ ठिकाणी दोघेही 'अपूर्ण'. जुळणी ८४ टक्के, कुणालाही समाधान वाटेल. पण दोघेही 'पूर्ण'कडे इतके झुकलेले असताना निव्वळ योगायोगानेच ८२ टक्के जुळणी झाली असती (०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.१). योगायोगाचा वाटा वजा करणाऱ्या कोहेन यांच्या १९६० च्या कप्पा सूत्राने ही जुळणी (०.८४ − ०.८२) ÷ (१ − ०.८२), म्हणजे जेमतेम ०.११ येते. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या प्रचलित कोष्टकात ०.६१ ते ०.८० कप्पा असला तर जुळणी 'भरीव' म्हणतात. प्रत्येकाच्या ज्या १० 'अपूर्ण' शेऱ्यांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांतल्या ८ बाबतीत दुसऱ्याचं पटत नाही!

मानकवाचक

तुम्ही दोघंही दोष माणसात शोधताय. मला तो बऱ्याचदा मानकाच्या वाक्यात दिसतो.

'विद्यार्थी अपूर्णांकांची तुलना करतो व कारण सांगतो' असं मानक घ्या. वहीत २० उदाहरणं आहेत, सगळ्यांत ३/५ आणि ४/७ अशा जोडीमध्ये फक्त <, > किंवा = हे चिन्ह टाकायचं आहे. सगळी बरोबर. एक मूल्यमापक 'पूर्ण' लिहितो, कारण घटक झालाय. दुसरा 'अपूर्ण' लिहितो, कारण 'कारण सांगतो' याचा वहीत मागमूस नाही. दुसरा बरोबर आहे, पण पहिल्याला अडवेल असं काहीही त्याच्या हातातल्या पत्रकात नव्हतं. नॉर्मन वेब यांनी १९९७ मध्ये मानक आणि चाचणी यांची सांगड तपासण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात आशयाइतकंच विचाराच्या खोलीला महत्त्व आहे. खोलीचे ४ स्तर, आणि निम्मे तरी प्रश्न मानकाच्या स्तराचे किंवा त्याहून वरचे हवेत. ही चिन्हांची २० उदाहरणं पहिल्या-दुसऱ्या स्तरावरच संपतात.

म्हणून पत्रकातल्या एकाच ओळीवर ५ पैकी ३ मूल्यमापक एकीकडे आणि २ दुसरीकडे गेले, तर कुणालाही नापास करू नका. ती ओळ अभ्यासक्रम समितीकडे परत पाठवा. मुदतीच्या कसोटीत ही माहिती 'उमेदवाराची चूक' म्हणून पुरली जाते.

फळ्याशेजारी

समितीकडे पाठवायला हरकत नाही, फक्त निर्णय समितीचा नको. ज्याने वाक्य लिहिलं त्याला ते नेहमीच स्वच्छ वाटतं.

दुबार तपासणी

उत्तरपत्रिकांच्या बाजूने एक भर. तिथे काही परीक्षांत आधी गुण ठरवलेल्या उत्तरपत्रिका परीक्षकाच्या गठ्ठ्यात न सांगता मिसळतात. ठरलेल्या मर्यादेबाहेर गुण गेले की तपासणी थांबते आणि शेवटच्या बरोबर आलेल्या नमुन्यानंतरचा सगळा गठ्ठा पुन्हा तपासला जातो. प्रमाणपत्र फक्त कसोटीच्या दिवसाबद्दल सांगतं, हे नमुने कामाच्या दिवसाबद्दल सांगतात.

शाळाभेटीत नमुना शाळा मिसळता येत नाही, म्हणून काही भेटी जोडीनेच कराव्या लागतील. इथे एक चूक हमखास होते. पत्रक भरायच्या आधी दोघं आपसात बोलतात आणि मग जे जुळतं ते बोलण्यामुळे जुळतं. क्रम असा हवा : दोघांनी स्वतंत्र भरायचं, प्रत्येक शेऱ्यासमोर पुरावा लिहायचा (कोणती वही, कोणतं पान, वर्गात काय ऐकलं), पत्रकं जमा करायची, मग चर्चा. चर्चेनंतरचे बदल वेगळ्या शाईत, मूळ शेरा न खोडता. कप्पा काढायचा तो मूळ शेऱ्यांवरच.

काटेकोर

हे पटलं. माझी मागणी बदलतो. मुदत वर्षाचीच राहू दे, पण नूतनीकरण चित्रफितींबरोबरच जोडभेटींच्या मूळ शेऱ्यांवरही व्हावं. सहा महिने कामच न केलेल्याने पहिल्या भेटीआधी नमुना चित्रफितींना गुण देऊन दाखवावेत. वादाच्या ओळी आधी वगळाव्यात, म्हणजे मानकवाचक यांचा आक्षेप उरत नाही.

मानकवाचक

वगळल्या तर उरतोच. वगळलेली ओळ दुरुस्त होईपर्यंत शाळांवरही तिचा शेरा धरू नये, हे त्याच नियमात लिहायला हवं.

फळ्याशेजारी

आणि नूतनीकरणात नापास झालेल्याने आधी लिहिलेल्या अहवालांचं काय? उत्तरपत्रिकांचा गठ्ठा परत उघडता, तसे शेवटच्या बरोबर आलेल्या जोडभेटीनंतरचे त्याचे सगळे अहवालही उघडा आणि त्या शाळांना तसं लेखी कळवा. तोवर मुदतीला माझा विरोध कायम आहे.