व्हॉट्सॲपवर जाऊन परत आलं की थ्रीडी कॅनव्हास कोरा, वेबजीएल कॉन्टेक्स्ट परत कसा आणायचा?

दादर_स्लो:
लोअर परळच्या एका बिल्डरसाठी फ्लॅटचा थ्रीडी व्ह्यूअर केलाय, साधं वेबजीएल (ब्राउझरमध्ये थ्रीडी काढायची सोय), लायब्ररी नाही. लोक लोकलमध्ये बसून फ्लॅट बघतात, मधेच व्हॉट्सॲप उघडतात आणि परत आले की कॅनव्हास कोरा, कमी रॅमच्या अँड्रॉइडवर तर हमखास. रिफ्रेश मारलं की चालतं पण निवडलेल्या टाइल्स, भिंतींचे रंग सगळं गेलेलं असतं, मग परत कोण निवडत बसणार? कॉन्टेक्स्ट (म्हणजे कॅनव्हासचं जीपीयूशी, ग्राफिक्स चिपशी असलेलं कनेक्शन) गेल्याचा लॉस्ट इव्हेंट येतो, तो परत आल्याचा रिस्टोअर्ड येतच नाही.

शेडरवाला_ठाणे:
लॉस्टच्या हँडलरमध्ये (इव्हेंट आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) प्रिव्हेंट डिफॉल्ट, म्हणजे ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारी ओळ, टाकलंय का बघ भावा. ते नसलं तर ब्राउझर समजतो की याला कॉन्टेक्स्ट परत नकोच आहे, आणि रिस्टोअर्ड कधीच येत नाही. तिथेच ड्रॉ लूपही थांबव. रिस्टोअर्ड आल्यावर जुनं काही म्हणजे काही वापरू नकोस, टेक्श्चर (पृष्ठभागावरचे फोटो), बफर (आकारांचा डेटा), शेडर (जीपीयूवर चालणारा चित्र काढायचा कोड), ते जोडून झालेला प्रोग्राम सगळं मेलेलं असतं, एक्स्टेन्शनसुद्धा (वेबजीएलच्या जादा सोयी) परत मागावी लागतात. म्हणून हे सगळं बनवणारं एकच फंक्शन ठेव, पेज उघडताना तेच आणि रिस्टोअरलाही तेच. टाइल्स-रंग जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमध्ये असू देत, ते जीपीयूबरोबर जात नाहीत.

दादर_स्लो:
ती ओळ टाकली आणि लगेच रिस्टोअर्ड यायला लागला, खूप खूप आभार! पण टेस्ट कसं करायचं, दर वेळी फोन घेऊन ॲप बदलत बसायचं का?

पिक्सेलताई:
नाही रे, लूज कॉन्टेक्स्ट नावाचं एक्स्टेन्शन आहे, त्याने पाहिजे तेव्हा कॉन्टेक्स्ट पाडता येतो आणि परतही आणता येतो. फक्त तो ऑब्जेक्ट आधीच घेऊन ठेव, पाडल्यावर मागशील तर नल (काहीच नाही) मिळेल. आणि निवांत चालू असताना पाडून काही कळत नाही, टाइल्सचे फोटो डाउनलोड होत असताना पाड, शेडर कंपाइल होताना पाड, खरी भानगड तिथेच निघते. शेडर लिंक झाला नाही (जोडून प्रोग्राम बनला नाही) म्हणून एरर फेकण्याआधी इज कॉन्टेक्स्ट लॉस्ट, म्हणजे कॉन्टेक्स्टच गेलाय का, विचार, नाहीतर धडधाकट शेडरमधली चूक शोधत रात्र जाते.

शेडरवाला_ठाणे:
+1. अजून एक, लिस्टिंग पेजवर प्रत्येक फ्लॅटच्या कार्डला वेगळा वेबजीएल कॅनव्हास दिलायस का? डेस्कटॉप क्रोम एका वेळी 16 च कॉन्टेक्स्ट ठेवतो, पुढचा उघडला की सगळ्यात जुना पाडतो आणि मोबाइलवर मर्यादा त्याहून कमी. कार्डवर साधे फोटो लाव, दाबल्यावर एकच कॅनव्हास उघड.