मदत हवी आहे: नवीन मांजरीमुळे सात वर्षांची मनी बिथरलीये, वन बीएचकेत कसं जमवू?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे पण सगळं सांगितल्याशिवाय माझं नेमकं कुठे चुकलं ते कळणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

आम्ही डोंबिवलीत राहतो, वन बीएचके, मी, नवरा आणि सासूबाई. घरात दोन मांजरं, मनी ७ वर्षांची आणि गोट्या बोका ३ वर्षांचा, दोघांची नसबंदीची ऑपरेशनं झालीयेत, लसी वेळच्या वेळी. गोट्या आला तेव्हा जेमतेम दीड महिन्याचा होता, मनीने दोन दिवस फिसकारून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला धरून चाटायलाच लागली, त्यामुळे माझा समज असा झाला की मांजरं आपापलं जमवून घेतात, आपण मध्ये पडायचं नाही. तोच समज नडला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात जो जोराचा पाऊस झाला त्या रात्री पार्किंगमध्ये स्कूटरखाली एक तिरंगी मांजर भिजून बसली होती, आवाजसुद्धा निघत नव्हता. टॉवेलमध्ये गुंडाळून वर आणली. दुसऱ्या दिवशी व्हेटकडे नेलं, दात बघून म्हणाले पाचेक महिन्यांची असेल. कानात माइट्स, अंगभर पिसवा, वजन १ किलो ७०० ग्रॅम. जंताचं औषध दिलं, ट्रायकॅट लसीचा पहिला डोस झाला, रक्ताची किट टेस्ट केली त्यात एफआयव्ही आणि ल्युकेमिया (मांजरांचे एकमेकांना लागणारे दोन व्हायरस) दोन्ही निगेटिव्ह. किमान दोन आठवडे वेगळी ठेवा म्हणाले, म्हणून बेडरूममध्ये ठेवली आणि दार बंद. नाव ठेवलं बिट्टी. (नाव ठेवलं तेव्हाच सासूबाई म्हणाल्या, आता ही कुठे जात नाही.)

आठ दिवस बरे गेले. गोट्या दाराशी बसून वास घ्यायचा, बास. मनी मात्र दाराकडे फिरकायचीच नाही, मला वाटलं तिला काही पडलेलीच नाहीये. नवव्या दिवशी मी कपाटातून कपडे काढत होते, हात भरलेले, दार नीट लागलं नाही आणि बिट्टी सुसाट हॉलमध्ये, थेट मनीच्या ताटलीवर. मनीने फ्रीजवरून उडी टाकली आणि पुढे काय झालं ते मला धड सांगताही येणार नाही, दोघींचा एक गोळा झाला होता आणि असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी हात घातला मध्ये. मनीचे दात मनगटात रुतले, तिची लस झालेली असूनही डॉक्टरांनी माझी रेबीजची इंजेक्शनं सुरू केली. बिट्टीला विशेष लागलं नाही, फरशीवर केसांचे पुंजके तेवढे. पण पाच मिनिटांनी बिचारा गोट्या जवळून गेला तर मनी त्याच्यावर पण धावून गेली, ज्याला तिने लहानाचं मोठं केलं त्याच्यावर.

याला आज पाच दिवस झाले. बिट्टी परत बेडरूममध्ये. मनी दिवसभर फ्रीजवर, आधी दिवसाला दोन पाऊच संपवायची, आता अर्धा. काल सासूबाईंच्या गोधडीवर शू केली, सात वर्षांत कधी असं झालं नाही. मी फिनाईलने फरशी पुसून काढली तरी परत तिथेच जाऊन वास घेते.

आता काय करू? पहिल्यापासून सुरुवात करता येते का, की एकदा असं भांडण झालं म्हणजे संपलं? मनी आणि गोट्यालाही वेगळं ठेवायचं का? गणपतीत आमच्याकडे पाच दिवस घर भरलेलं असतं, त्याच्या आत काही जमेल का? आणि मनीला एवढा त्रास होणार असेल तर बिट्टीला दुसरं घर बघावं का, हा विचार मनात येतो आणि रात्री झोप लागत नाही. प्लीज अनुभव असेल तर लिहा.

प्रतिसाद १
ताई, बाकी सगळं नंतर, आधी मनीचं खाणं बघा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि ते जिवावर बेततं, ही माणसासारखी उपास काढणारी जात नाही. उद्याच व्हेटकडे न्या, लघवी पण तपासून घ्या, गोधडीवर शू करणं रागानेच असेल असं धरून चालू नका, इन्फेक्शन असू शकतं. आणि गोट्यावर लक्ष ठेवा, टेन्शनमध्ये बोक्यांची लघवी अडकते, ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय आणि काही होत नाहीये असं दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी डॉक्टर. फिनाईल आजपासून बंद. मांजराचं लिव्हर ते पचवू शकत नाही, पाय चाटले की पोटात जातं, डेटॉलचंही तेच. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते आणा, नाहीतर वास तसाच राहतो आणि ती त्याच जागी करत राहते.

प्रतिसाद २
एवढं मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडे चार आहेत, सोडून द्या एकत्र, दोन दिवस भांडतील मग गप्प बसतील.

प्रतिसाद ३
वरच्यांशी अजिबात सहमत नाही. एकत्र सोडून द्या हे खूप जण सांगतात आणि मग सहा महिने एक मांजर पलंगाखाली काढते. भांडून मांजरं मित्र होत नाहीत, भीतीच पक्की होते.

मला एक विचारायचंय, मनी आधी कुठे झोपायची?

धागाकर्ती
बेडरूममध्ये. कपाटाच्या वर, खिडकीकडच्या कोपऱ्यात. सात वर्षं.

प्रतिसाद ३
मग बघा, तिच्या बाजूने विचार केला तर एका रात्रीत तिची जागा गेली, दार लागलं आणि आतून परक्या मांजराचा वास येतोय. तिला पडलेली नव्हती असं नाही, तिने घाबरून लांब राहणं पत्करलं होतं. आधी तिची जागा तिला परत द्या. बिट्टीसाठी मोठ्या कुत्र्याचा घडीचा पिंजरा मिळतो तो हॉलच्या कोपऱ्यात लावा, वरून चादर टाका, आत ट्रे, पाणी, एक खोका लपायला. दिवसातून दोनदा अदलाबदल करायची, मनी-गोट्या बेडरूममध्ये आणि दार बंद, तेव्हा बिट्टी हॉलमध्ये मोकळी. म्हणजे एकमेकींना न बघता एकमेकींच्या वासात वावरतील.

वासाचं काम सगळ्यात मोठं आहे. जुना मोजा घ्या, बिट्टीच्या गालावर, मिशांच्या मागे हळूच फिरवा आणि तो मनीच्या ताटलीपासून चार-पाच फुटांवर ठेवा. फिसकारली तर अजून लांब. रोज थोडा जवळ. उलटं पण करा. बिट्टीला आंघोळ घालू नका, आहे तो वास जातो.

मग दाराच्या दोन बाजूंना जेवण. मग दार उघडून चौकटीला जाळी, मच्छरांची नको, फाडतात, झाडांच्या नर्सरीत मिळते ती जाड प्लॅस्टिकची. फिसकारलं तर घाबरू नका, ते फक्त लांब राहा असं सांगणं आहे. एकटक बघणं, पापणी न हलवता, शेपटीचं टोक तेवढं हलतंय, हे दिसलं की मध्ये पुठ्ठा किंवा उशी धरा. हात कधीच नाही, तुम्हाला कळलंच आहे. ओरडायचं नाही, पाणी मारायचं नाही. ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे चार, आणि चारही एका रांगेत नकोत.

मनी-गोट्याला एक-दोन दिवस रात्री वेगळं ठेवा, तिचा राग त्याच्यावर नव्हता, तो फक्त समोर आला.

गणपतीची तारीख डोक्यातून काढून टाका. पाहुणे असताना तिघांपैकी कोणाची गाठ घालून द्यायची नाही, ढोल-फटाक्यांत तर नाहीच.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)
सगळ्यांचे मनापासून आभार. मनीला खरंच लघवीचा त्रास निघाला, औषधं झाली, आता पूर्ण पाऊच खाते. कपाटावरची जागा दिली त्या रात्री तिथे वर चढली आणि दीड दिवस जवळजवळ झोपूनच होती. पिंजऱ्याला सासूबाईंनी त्यांची जुनी नऊवारी टाकलीये, बिट्टी त्यातच घुसून बसते. गोट्याचं आणि तिचं जाळीतून खेळणं सुरू झालंय.

काल दुपारी उकडलेलं चिकन देत होते, मनी बेडरूममध्ये, बिट्टी हॉलमध्ये, मध्ये दार बंद. बिट्टीने दाराखालच्या फटीतून पंजा आत घातला, एक बोट पांढरं, एक काळं, एक केशरी. मनी खायची थांबली. नाक नेऊन पंजाचा वास घेतला, मी श्वास धरून उभी. फिसकारली नाही. परत ताटलीकडे गेली आणि उरलेलं संपवलं.

बिट्टीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. आता विचारायचं ते हे की दवाखान्याचा वास अंगाला लावून ती परत येईल तेव्हा मनीशी जाळीतली गाठ किती दिवस थांबवू? आणि गळ्याभोवतीचा तो प्लॅस्टिकचा कोन बघून मनी बिथरेल का?