फ्रँकफुर्टहून शनिवार-रविवार: खरा मध्ययुगीन किल्ला कुठला पाहावा?

आम्ही पाच मित्रमैत्रिणी. गाडी नाही, सगळ्यांकडे डॉइचलांडटिकिट (जर्मनीभर प्रादेशिक गाड्यांना चालणारा मासिक पास) आहे. नोइश्वानस्टाइन किल्ला जवळजवळ ठरलाच होता, पण जुनं काहीतरी पाहायची इच्छा आहे. तास-दीड तास चालायची तयारी आहे, फक्त एकाचा गुडघा दुखतो. कुठे जावं?

प्रतिसाद १
नोइश्वानस्टाइन देखणं आहे, पण त्याचं बांधकाम सुरू झालं १८६९ मध्ये. तुम्ही बुर्ग एल्ट्झला जा. आठशेहून अधिक वर्षं एकाच घराण्याकडे आहे आणि कधी उद्ध्वस्त झालेला नाही. एकाच किल्ल्यात घराण्याच्या तीन शाखा राहायच्या, प्रत्येकीचा वाडा वेगळा. म्हणून तो असा दाटीवाटीने उंच वाढलेला दिसतो.

कोब्लेन्झपर्यंत माइन्झमार्गे जाणारी ऱ्हाइनकाठची रीजनल (प्रादेशिक गाडी) घ्या (आयसीई या वेगवान गाडीत हे तिकीट चालत नाही) आणि उजवीकडे बसा, नदी त्याच बाजूला आहे. पुढे गाडी बदलून मोझेलकेर्न स्टेशनला उतरून ओढ्याकाठच्या जंगलातून साधारण दीड तास चाल. आपल्याकडे गड लांबूनच दिसतो आणि मग आपण चढत राहतो. इथे तो झाडीत लपलेला असतो आणि एका वळणावर एकदम समोर येतो. ते वळण चुकवू नका.

प्रतिसाद २
गुडघेवाल्या मित्रासाठी: हंगामात शनिवार-रविवारी किल्ल्याच्या वाहनतळापर्यंत बस जाते, तिथून खाली छोटी बस मिळते. वेळा आधी बघून ठेवा. हिवाळ्यात किल्ला बंद असतो. आतल्या खोल्या वाटाड्याबरोबरच बघायच्या आणि तिथे फोटो काढू देत नाहीत.

समोरच्या टेकडीवरचे ट्रुट्झएल्ट्झचे अवशेषही जरूर बघा. १३३१ मध्ये ट्रियरच्या आर्चबिशप बाल्डुइनने वेढा घातला, तेव्हा एल्ट्झवर मारा करायला ते छोटं ठाणं बांधलं. तिथे उभं राहिलं की वेढा म्हणजे काय ते कळतं. मी तिथे अर्धा तास नुसता बसून होतो.

धागाकर्ती
ठरलं, एल्ट्झच! मुक्काम कोखेमला केला तर? तिथलाही किल्ला बघता येईल.

प्रतिसाद १
मुक्कामाला उत्तम, गाव फार गोड आहे. मात्र तिथला किल्ला १६८९ मध्ये फ्रेंच फौजेने उडवला होता, आजचा एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे. जुनंच हवं असेल तर रविवारी परतताना ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग किल्ला करा. आणि डबा सोबत घ्या, जंगलवाटेवर काही मिळत नाही.