निवती रॉकशेजारी 'गुलदार' बुडवावी का?

सड्यावरचा
काल कुणीतरी लिहिलं की मालवणच्या दक्षिणेला समुद्रातल्या निवती रॉक या खडकाळ बेटावर दीपगृह आणि पक्ष्यांची विष्ठा यापलीकडे काही नाही, नौदलाचं निवृत्त जहाज 'गुलदार' शेजारी बुडवलं की निदान पाण्याखाली बघण्यासारखं काही होईल. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. त्या खडकांच्या कपारींत पाकोळ्या राहतात. लाळेची घरटी बांधतात, काळोखात टिकटिक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात. खाली प्रवाळ आहे, जो २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत आहे. अजून काय बघायचंय?

पाणबुड्या
ते लिहिणारा मीच. विष्ठेचं वाक्य चुकलं, बाकीचं नाही. मालवणात किल्ल्याजवळ पर्यटक उतरवणं हे माझं पोट आहे. १९८७ मध्ये तिथे २९.१२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, पण सगळ्या होड्यांचे नांगर अजून त्याच तळावर पडतात. ८४ मीटर लांबीचं जहाज, तेल काढून, साफ करून बुडवलं तर गर्दी वाटली जाईल. पोलादावर कालवं, स्पंज बसतात, मासे येतात.

सड्यावरचा
येतात म्हणजे आजूबाजूचे गोळा होतात, नवे जन्मतीलच असं नाही. फ्लोरिडात १९७०च्या दशकात लाखो टायर असेच 'माशांसाठी' टाकले. बांधलेले पट्टे तुटले आणि ते टायर खऱ्या प्रवाळावर जाऊन आदळले.

पाणबुड्या
टायर आणि जहाज एक नव्हे!

रापणकर
तुमी जहाज बुडवा नायतर विमान बुडवा. रातचे एलईडीवाले मासे जमवूक दिवसासारखो उजेड करतत, तेचा कोण बोलतलो? २०१७ सालात केंद्रान बंदी घातली ना? गेल्या वर्षी माझी जाळी फाडून गेले. कचेरीत गेलंय तर म्हणाले, फोटो हाडा. काळोखात फोटो खयसून हाडू?

पर्ससीनवाला
प्रत्येक वेळी आम्हालाच धरायचं! मोठ्या जाळ्याने माशांचा थवा घेरणारे आम्ही पर्ससीनवाले, पण सगळेच दिवे लावत नाही. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने आम्हाला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले. कर्जाचे हप्ते मात्र बारा महिने चालू. माझ्या बोटीवरच्या तीस माणसांची घरं तुम्ही चालवणार?

रापणकर
किनाऱ्यार रापणीचा जाळा ओढूक अख्खो वाडो लागता. ती घरां नाय? डिसेंबर सरल्यार समुद्रात उजेड दिसता तो चांदण्याचो काय?

पर्ससीनवाला
दिसतो, नाकारत नाही. बेकायदा लावणाऱ्यांना पकडा, मी आडवा येणार नाही. पण पर्ससीन म्हणजे चोर, हे ऐकून घेणार नाही.

पाणबुड्या
भांडण तुमचं आहे, पण त्यातून माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट निघाली. जहाजाभोवती मासे जमले तर दिवेवाले पहिले तिथेच पोचतील. आणि जाळी अडकणार. मागच्या मोसमात खडकाला अडकलेलं जाळं कापायला उतरलो, त्यात मेलेलं कासव होतं. वर आल्यावर बोलवत नव्हतं. जहाज हवंच, पण खडकापासून पुरेसं लांब, भोवती मासेमारी बंद, आणि नांगर टाकायचा नाही, होड्या तरंगत्या बोयालाच बांधायच्या.

सड्यावरचा
पुरेसं म्हणजे किती? आकडा कागदावर येऊ दे, मग माझा विरोध थोडा कमी होईल. थोडाच.

रापणकर
मासेमारी बंद म्हणजे माझी पण बंद? माका इचारल्यात? आणि रातची राखण कोण करतलो?