ॲल्युमिनियमच्या पंपात एम ८ बोल्ट तुटून अडकलाय, ईझी आउट लावू का?

प्रश्न
पाण्याच्या पंपाच्या ॲल्युमिनियम बॉडीतला एम ८ × १.२५ (८ मिमी व्यास, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर) स्टीलचा बोल्ट उघडताना डोक्याखाली तुटला. ४ मिमी वर आहे, २० मिमी आत. भोक आरपार नाही. कडेने पांढरी पूड दिसते. पकड घसरते. बॉडीतले आटे वाचवायचे आहेत.

उत्तर १
ईझी आउट, म्हणजे तुटलेल्या बोल्टमध्ये भोक पाडून आत रुतवायचं उलट्या आट्यांचं हत्यार, सध्या बाजूलाच ठेवा. त्याचा निमुळता दांडा बोल्टला आतून फुगवतो, म्हणजे आधीच जाम झालेला बोल्ट आणखी आवळला जातो. शिवाय तो कडक पोलादाचा असतो. आत तुटला की साधं ड्रिल बिट त्याला खातच नाही.

पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून बोल्ट चारी बाजूंनी दाबला गेलाय. ४ मिमी वर आहे, याचा फायदा घ्या. एक वॉशर घाला, त्यावर नट ठेवा आणि नटाच्या भोकातून बोल्टला वेल्ड करा. नटावर जस्ताचा मुलामा असेल तर आधी कानशीने घासून काढा, त्याचा धूर घातक असतो. वेल्ड हात लावण्याइतकं निवलं की पाना लावून थोडं आवळा, थोडं सोडा. एकाच दिशेला जोर लावू नका.

उत्तर २
वेल्डिंग नसेल तर हॉट एअर गनने बोल्टच्या भोवतीची बॉडी तापवा, बोल्ट नव्हे. तेवढ्याच तापमानवाढीला ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. रबरी सील आधी काढा, बोल्ट सुटावा म्हणून तेल टाकलं असेल तर पुसून घ्या. ज्योत नको: ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे अंदाज चुकतो. तापल्यावर बोल्टच्या कडेला मेणबत्ती टेकवा, मेण आट्यांत शिरतं.

प्रश्नकर्ता
वेल्डिंग नाही. तापवूनही हलला नाही तर?

उत्तर ३
मग ड्रिल. टोक कानशीने सपाट करा आणि सेंटर पंच (खूण पाडायचा टोकदार खिळा) अगदी मध्यावर मारा. सगळं काम या एका खुणेवर अवलंबून आहे. खूण सरकली तर बिट मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं. आधी ३ मिमी, मग ५. बिटावर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा, वेग कमी ठेवा, कटिंग ऑइल घाला. डावीकडे फिरणारी बिट्स मिळाली तर तीच घ्या, बऱ्याचदा भोक पाडतानाच बोल्ट उलटा सुटून येतो. नाहीच आला तर ६.५ मिमीपर्यंत जा, उरलेली पातळ साल टोच्याने आत ढकलून सोलून काढा आणि एम ८ चा बॉटमिंग टॅप (बंद भोकाच्या तळापर्यंत आटे पाडणारं हत्यार) हाताने फिरवून आटे साफ करा. ६.८ च्या पुढे जाऊ नका.

उत्तर १
आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवता येतं. नवा बोल्ट लावताना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा, पण कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) तसाच वापरू नका. वंगणामुळे तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो आणि ॲल्युमिनियमचे आटे उपटून येतात.