मित्राच्या लग्नाचे फोटो काढायला हो म्हणावं का?

क्लिकवेडा: जवळच्या मित्राचं लग्न आहे आणि तो म्हणतोय फोटो तूच काढायचे, वेगळा फोटोग्राफर परवडत नाहीये. माझ्याकडे एक क्रॉप सेन्सर बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा), त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आणि एक ५० एमएम एफ/१.८ लेन्स. आतापर्यंत पक्षी, डोंगर आणि घरातली पोरं, बस. काय करू?

एफ_आठ: नको. राग मानू नकोस, पण नकोच. किट लेन्स झूम केली की एफ/५.६ वर जाते (एफचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी), म्हणजे तुझ्या ५० च्या मानाने साधारण १/१० प्रकाश. हॉलमध्ये शटर १/१२५ सेकंद ठेवलंस तर आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ६४०० आलाच समज, म्हणजे फोटो दाणेदार. काही एलईडी लाईटखाली शटर अजून फास्ट केलंस की फोटोवर पट्टे. आणि बॉडी एकच! ती ऐनवेळी बंद पडली तर?

उगाच_लेन्स: अरे किती घाबरवाल त्याला. फोटोग्राफर परवडतच नाहीये म्हटल्यावर तुलना प्रोशी कशाला, पाहुण्यांच्या मोबाईलशी करा ना. रॉमध्ये (कच्ची फाईल, नंतर एडिटला जास्त वाव) काढ, फ्लॅश भाड्याने घे आणि छताकडे वळव (छत पांढरं आणि फार उंच नसेल तर), ग्रुप फोटोला एफ/५.६ ते एफ/८, म्हणजे मागचेपुढचे सगळे शार्प. बरंचसं काम तिथेच होतं. प्रो पण पहिल्या लग्नाला नवखेच असतात की.

एफ_आठ: असतात, पण बरेच जण आधी कुणाच्या तरी हाताखाली सेकंड शूटर म्हणून राबलेले असतात. आणि ५० ला एफ/१.८ वर जवळून काढलं आणि दोघं जरा पुढेमागे असले की एकाचे डोळे शार्प, दुसऱ्याचे धूसर. मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळं छानच दिसतं रे.

दुसरी_फ्रेम: मला गियरचं एवढं वाटत नाही. पंधरा-वीस नातेवाईकांना एका जागी उभं करायचं, त्यातला एक फोनवर, एक गायबच, उरलेले दुसऱ्याच कुणाच्या मोबाईलकडे बघतायत, तिथे आवाज चढवायला लागतो. जमेल का तुला? लग्न एंजॉय करणं तर विसरच. नंतर १५००-२००० फोटो चाळत बसायचं आणि रोज मेसेज, झाले का रे?

उगाच_लेन्स: म्हणून आधीच लिहून पाठवायचं ना, किती फोटो, कधी, एडिट किती. आणि त्याला तुझे अंधारातले फोटो दाखव, डोंगराचे नको. ते बघूनही तो तूच काढ म्हणाला तर बिनधास्त काढ.

क्लिकवेडा: अंधारातले फारसे नाहीतच. रविवारी संध्याकाळी हॉलवर जाऊन लाईट बघून येतो, तिथेच थोडे काढून त्याला पाठवतो. दुसरी बॉडी एकाकडून मिळेल बहुतेक.

एफ_आठ: तुझ्याच माउंटची (लेन्स बसवायच्या जोडाची) आहे का ते आधी विचार, नसेल तर लेन्स पण मागून घे. आणि दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नकोस. माझं मत अजून नकोच आहे हां.